फोटो काढणाऱ्याची खुर्ची

१

मंडळ बंद करायचा ठराव एकमताने मंजूर झाला, फक्त एक मत सोडून. ते मत मार्विन बूर्समाचं होतं. नुसता हात वर करून भागणार नाही असं वाटून तो उभाच राहिला.

"मी मेल्यावर बंद करा," मार्विन म्हणाला. "तोवर मी एकटा येऊन खुर्च्या मांडीन."

"आणि भाषण कोण करणार?" गॉर्ड डायकेमाने विचारलं. गॉर्ड मंडळाचा अध्यक्ष, मार्विनचा शाळेपासूनचा मित्र.

"तू कर. ऐकायला मी आहे की."

"तू ऐकतोस? माझं भाषण सुरू झालं की तू घोरायला लागतोस."

"म्हणून तर म्हणतो, चालू ठेवा. घरी मला झोप येत नाही."

सगळे हसले. सगळे म्हणजे जेमतेम दोन रांगा. पश्चिम मिशिगनमधल्या कॅमेरे जमवणाऱ्यांचं हे मंडळ एके काळी चर्चच्या तळघरातला हॉल भरून टाकायचं. आता कॉफीचं पिंप अर्धंसुद्धा भरावं लागत नव्हतं, आणि उरलेले हॅमचे पाव लोक कागदी रुमालात गुंडाळून घरी न्यायचे. सभासद एकेक करून गेले. त्यांच्या बायका खोकी घेऊन यायच्या, यातलं काही कामाचं आहे का म्हणून विचारायच्या. प्रत्येकाकडे तेच कॅमेरे आधीच दोन-दोन असायचे.

मार्विनची बायको आलिदा मंडळाच्या 'लेन्स कॅप' या त्रैमासिकाची संपादक होती. मंडळ बंद म्हणजे तेही बंद. शेवटचा अंक तेवढा काढायचा होता, आणि त्याच्या मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता.

त्या फोटोची एक रीत होती. गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेल्या लाकडी कॅमेऱ्यानेच तो काढायचा. कॅमेरा केवढा, तर चाकांच्या घोडीवर उभा केलेला, पुढे पितळी भिंग, मध्ये कातडी भाता, मागे दुधी काच आणि तिच्यावर काळं कापड. दर वर्षी वेगळा सभासद फोटो काढणार, आणि जो काढेल त्याची खुर्ची पहिल्या रांगेच्या टोकाला रिकामी ठेवायची. मग फोटोखाली नावं छापताना आलिदा शेवटी लिहायची, 'रिकाम्या खुर्चीत: अमुक अमुक'. बाहेरच्यांना यात काही गंमत वाटायची नाही. या मंडळींना दर वर्षी वाटायची.

कॅमेरा आता म्हातारा झाला होता. प्लेट बसवायच्या खोबणीला फट पडली होती आणि तिच्यातून उजेड शिरायचा. म्हणून मोजणी संपेपर्यंत फोटो काढणाऱ्याने कापडाखालीच राहायचं, कापड मागून आवळून धरायचं आणि रबरी फुगा आतूनच दाबायचा, असा दंडक होता. फुगा दाबून धरला की भिंगामागची झडप उघडी, सोडला की बंद.

या वर्षी पाळी मार्विनची होती. तळघरातला उजेड मंद, त्यामुळे बराच वेळ न हलता बसावं लागायचं. आलिदा रिकाम्या खुर्चीशेजारी बसली.

"हलू नका," कापडाखालून मार्विनचा आवाज आला. "गॉर्ड, तू श्वाससुद्धा घेऊ नकोस." आणि तो मोठ्याने मोजू लागला.

मोजणी चालू असताना आलिदाच्या हातावर कुणीतरी हात ठेवला आणि हलकेच दाबला. शेवटची सभा, कुणाचं तरी मन भरून आलं असेल. मान वळवायची सोय नव्हती, म्हणून ती तशीच समोर बघत राहिली.

मोजणी संपली. कापड मात्र उचललं गेलं नाही. लोकांनी पाय मोकळे केले, कुणी खोकलं, तरी मार्विन आतच.

"मार्व, आत बिऱ्हाड केलंस का?" गॉर्ड ओरडला.

मग तो बाहेर आला. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर हसू. "झालं," म्हणाला, आणि कापडाची घडी घालता घालता शांतपणे पुढे म्हणाला, "बंद करताय ते बरंच आहे. किती दिवस ओढायचं?"

गॉर्डने खूश होऊन त्याची पाठ थोपटली. आलिदाला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर अंकाची पानं पसरली. तिची ही जुनी सवय, रविवारी दुपारी अंक लावायचा. मार्विन समोर बसून चुका काढायचा आणि मधून मधून पेपरमिंटच्या गोळ्या चघळायचा.

आजही तो समोर बसला. टेबलावरचा एक छोटा घडीचा कॅमेरा त्याने उघडला आणि डोळ्याला लावला.

"ली, इकडे बघ."

तिने वर बघितलं. खटका वाजला. ती पुन्हा पानांकडे वळली आणि मग तिचा हात तिथेच थांबला.

मार्विनचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता. धाकट्या भावाने मासे धरायचा गळ मागे फेकला आणि तो याच्या डोळ्यात गेला. तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळायचा. त्यामुळे कॅमेरा कायम डाव्या डोळ्याला, आणि नाक मधे आडवं. त्याच्या एकूण एक कॅमेऱ्याच्या पाठीवर नाकाचा तेलकट डाग असायचा. गॉर्ड त्याला 'मार्वची सही' म्हणायचा. आता तो कॅमेरा उजव्या डोळ्याला लागलेला होता, आणि डावा डोळा मिटलेला होता.

"त्या डोळ्याने काय दिसतं तुला?" तिने विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"तू दिसतेस," तो म्हणाला.

मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याकडे नीट कोण बघतं? घड्याळ उजव्या मनगटावर होतं. भांग दुसऱ्या बाजूला होता. हनुवटीवरचा दाढीचा जुना व्रण, तोही पलीकडे गेला होता.

आलिदाला पहिल्यांदा आठवली ती छापखान्याची चूक. प्लेट उलट्या बाजूने ठेवून छापली की डावं उजवं होतं. अशी कित्येक चित्रं तिने संपादक म्हणून परत पाठवली होती. पुरुषाच्या कोटाची बटणं चुकीच्या बाजूला दिसली की ती लगेच फोन करायची, "उलटी छापलीत हो." समोर बसलेल्या माणसाबद्दल असा फोन कुणाला करायचा?

संध्याकाळी तिने मुलीला फोन केला. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"आई, बाबांचा व्रण कुठल्या बाजूला होता हे मला तरी कुठे आठवतंय? मंडळ बंद होतंय, तू दमली आहेस. आणि तुला विसरायला होत असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, आपण डॉक्टरांकडे जाऊ."

आलिदा हो म्हणाली. आपलंच डोकं फिरलं असेल तर बरं, असं तिला मनापासून वाटलं. त्या शक्यतेत मार्विन तरी शाबूत होता.

३

कॅमेऱ्यांच्या झडपा वापरल्या नाहीत तर आखडतात. म्हणून मार्विन अधून मधून तळघरात जाऊन आपले सगळे कॅमेरे कानाला लावून वाजवायचा. आधी सगळ्यात संथ वेग, त्यात आतलं चक्र गुर्रर्र करत सेकंदभर फिरतं. मग त्याहून जलद, मग त्याहून, आणि शेवटी नुसता टक. वर स्वयंपाकघरात आलिदा वाटाण्याचं सूप ढवळत असायची आणि खालून ते आवाज चढत्या वेगाने यायचे. संसारातला तिचा सगळ्यात आवडता आवाज कुठला म्हणून कुणी विचारलं असतं तर तिने हाच सांगितला असता.

त्या दुपारी ती गाजरं चिरत होती. खालून टक आला. मग त्याहून थोडा लांब, मग आणखी लांब. उलटे, जलद वेगाकडून संथ वेगाकडे. तिने सुरी चालू ठेवली. माणसाला कधी तरी उलटं वाजवावंसं वाटतं, त्यात काय एवढं.

सगळ्यात संथ गुरगुर आली. सेकंदभर टिकली. मग थांबायला हवी होती.

ती थांबली नाही. तिने गाजर संपवलं, गुरगुर चालूच. तिने दुसरं गाजर घेतलं आणि चिरलं नाही, नुसतं हातात धरून उभी राहिली. एवढा वेळ चालणारी झडप कुठल्याच कॅमेऱ्यात नसते. ते चक्र, ती स्प्रिंग, एवढी चावी मावतच नाही. तिला हे छापलेल्या शब्दासारखं ठाऊक होतं. तिनेच ते छापलं होतं.

तिने सुरी खाली ठेवली आणि तळघराचं दार उघडलं. आवाज स्पष्ट झाला. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून खाली बघता यायचं.

तो कपाटांच्या मधोमध उभा होता. दिवा लावलेला नव्हता, वरच्या छोट्या खिडकीतून बर्फाचा उजेड तेवढा येत होता. दोन्ही हात बाजूला सोडलेले, रिकामे. एकही कॅमेरा कपाटाबाहेर नव्हता. तोंड किंचित उघडं होतं.

गुरगुर थांबली.

"काही हवंय का गं?" त्याने विचारलं.

"सूप होतंय," ती म्हणाली आणि वर आली. त्या दिवसापासून ती त्याच्याशेजारी झोपली नाही. पाठीचं दुखणं सांगून ती मुलीच्या जुन्या खोलीत गेली, आणि तो काहीच बोलला नाही. मार्विन असता तर त्याने तासभर कटकट केली असती.

४

गॉर्ड गाडी घेऊन आला पण उतरला नाही. हॉर्नही वाजवला नाही. आलिदाला तो खिडकीतून दिसला, तशी ती कोट अडकवून बाहेर गेली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. मागच्या अंगणात खोऱ्याने बर्फ उचलल्याचा आवाज येत होता.

"मार्व कुठे आहे?"

"मागे. वाट मोकळी करतोय. का रे?"

गॉर्डने लिफाफ्यातून फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला. दर वर्षी प्लेट तोच धुवायचा.

दोन रांगा. मागे भिंतीवर मंडळाचा फलक. पहिल्या रांगेत ती स्वतः, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत मार्विन.

"दोनदा उघडली असेल झडप," गॉर्ड म्हणाला. ती काही बोलायच्या आतच म्हणाला. "आधी खुर्चीत बसला असेल, मग उठून कापडाखाली गेला असेल."

"तो बसलाच नाही खुर्चीत. आणि तसं असतं तर आरपार दिसला असता, गॉर्ड. त्याच्या अंगातून खुर्चीची पाठ दिसली असती."

"हो."

"दिसत नाहीये."

"नाही दिसत. मी भिंग लावून बघितलंय."

"उलटी नाही ना छापलीस?"

"फलक वाच."

फलकावरची अक्षरं सरळ होती. फोटोतल्या मार्विनचं घड्याळ डाव्या मनगटावर होतं, भांग जिथे असतो तिथेच होता. त्याचा हात तिच्या हातावर होता. बाकी सगळे ठोकळ्यासारखे कॅमेऱ्याकडे बघत होते. मार्विन तिच्याकडे बघत होता.

"मी जन्मभर अंधाऱ्या खोलीत काम केलंय," गॉर्ड म्हणाला. "ही प्लेट धुताना पहिल्यांदा दार उघडं ठेवावंसं वाटलं. ठेवता येत नाही, म्हणून नाही ठेवलं. पण गाणी म्हणत होतो, चर्चमधली. मी. तुला माझा आवाज माहितीय."

तिला हसू आलं नाही. खोऱ्याचा आवाज केव्हा बंद झाला हे दोघांनाही कळलं नव्हतं. काचेवर टकटक झाली. तिच्याच बाजूला तो वाकून उभा होता, टोपीवर बर्फ, गाल थंडीने लाल. गॉर्डने नाइलाजाने काच खाली केली.

त्याने फोटोकडे बघितलं. चेहऱ्यात काही बदल झाला नाही.

"ती बाजू कापून टाक," तो म्हणाला. "उगाच लोक विचारत बसतील." मग गॉर्डला म्हणाला, "अरे हो, शिकागोच्या व्यापाऱ्याशी बोललोय मी. तो मोठा कॅमेरा उद्या दुपारी घेऊन जातोय. हॉलही मोकळा होईल."

"मंडळाला न विचारता?" गॉर्ड म्हणाला.

"मंडळ कुठे आहे आता?"

तो खोरं ओढत मागे गेला. ती बाजू कापायची म्हणजे फोटोतला आलिदाचा हातही जाणार होता. ती फोटो मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. आपलं डोकं फिरलेलं नाही हे आता तिला कळलं होतं, आणि ते कळल्यावर राहिलं ते एकच. तिला तिचा नवरा परत हवा होता, आणि तो जिथे कुठे होता ती जागा उद्या दुपारी ट्रकमध्ये चढणार होती.

"मी येऊ का सकाळी तुझ्याबरोबर?" गॉर्डने विचारलं. कुठे जायचं ते दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं.

ती त्याच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत म्हणाली, "नको. तू गाणी म्हणायला लागशील."

५

सकाळी छापखान्यात जाते असं सांगून ती निघाली आणि थेट चर्चच्या मागच्या दाराशी गेली. चर्चची किल्ली संपादक म्हणून तिच्याकडे होतीच.

हॉलमध्ये तिने सगळे दिवे लावले. खुर्च्या अजून तशाच मांडलेल्या होत्या. सभेनंतर त्या आवरायचं काम मार्विनचं असायचं. कॉफीचा आणि ओल्या कोटांचा वास होता. उष्णतेचे नळ कुठेतरी ठणठणत होते. कॅमेरा जिथे होता तिथेच, भिंग खुर्च्यांकडे रोखलेलं.

तिने कापड उचललं आणि आत गेली. आत धुळीचा वास आला, आणि त्यात पेपरमिंटचा. पेपरमिंट मार्विनने त्या दिवशी खाल्लं असेल, तिने स्वतःला सांगितलं. कापडात वास राहतो.

दुधी काच काळी होती. तिने चाचपत रबरी फुगा शोधला आणि दाबला. समोर झडप उघडली, आणि काचेवर हॉल उमटला, उलटा. भिंगातून येतं ते सगळं उलटंच येतं, डोकं खाली आणि पाय वर, हे या मंडळींना इतकं अंगवळणी पडलेलं असतं की मनातल्या मनात ते सुलटं होऊन जातं. उलटे दिवे खाली, उलटी जमीन वर, जमिनीला लटकलेल्या खुर्च्यांच्या दोन रांगा. टोकाची खुर्ची रिकामी.

आणि त्या सगळ्या उलट्या पसाऱ्यात एक गोष्ट सुलटी होती.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात मार्विन होता. डोकं वर, पाय खाली, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. भिंगातून आलेलं काहीही सुलटं दिसत नाही. सुलटं दिसायचं तर ते भिंगाच्या अलीकडे असावं लागतं, भात्याच्या आत, काचेला लागून. हे तिला समजायला क्षणही लागला नाही, आणि समजलं तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःचा वाटला नाही.

त्याने वर बघितलं. भांग जागच्या जागी, व्रण जागच्या जागी. डावा डोळा तिच्यावर खिळला आणि त्यात ओळख आली. तो गुडघ्यांवर सरकत काचेशी आला आणि त्याने तळवा काचेला लावला. तिने मोकळा हात पलीकडून लावला. काच कोमट होती.

"मार्व," ती म्हणाली. "कसं काढू तुला?"

त्याचे ओठ हलले. आवाज नाही.

तेवढ्यात वरचं दार वाजलं. जिन्यावर पावलं, सावकाश, प्रत्येक पायरीवर. तिने फुगा आणखी घट्ट धरला. सोडला की अंधार.

"ली?" आवाज हॉलच्या दारातून आला. मार्विनचाच आवाज, लाडाचा. "छापखान्यात जाणार होतीस ना?"

ती कापडाखालून हलली नाही.

"राहू दे, बाहेर येऊ नकोस. मी बसतो. हवा तर काढ एक फोटो. दोघांपैकी कुणीतरी आत, कुणीतरी बाहेर, चालतंच की आपलं."

फरशीवरून पावलं गेली. टोकाची खुर्ची कुरकुरली. कुणीतरी जड माणूस तिच्यात बसला, मागे रेलला, घसा खाकरला. तिने ते सगळं ऐकलं. काचेवरची ती उलटी खुर्ची रिकामीच होती.

आतला मार्विन जोरजोरात मान हलवत होता. नको, नको. तो तिच्या मागे, सैल सुटलेल्या कापडाकडे बोट दाखवत होता, मग फुग्याकडे, मग पुन्हा ओठ हलवत होता. तेच तेच काहीतरी सांगत होता. तिने डोळे काचेशी नेले. फुगा सोड म्हणतोय का? की सोडू नकोस? दोन्हीला ओठ जवळपास सारखेच हलतात. तिच्या श्वासाने काच धुरकट होत होती आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बोटांना कळ लागली होती.

"ली," बाहेरून तो म्हणाला. अगदी हळू, कुतूहलाने, जवळच्या माणसाला विचारावं तसं. "काय म्हणतोय तो?"

खुर्ची पुन्हा कुरकुरली. बसलेलं कुणीतरी उठलं होतं.

आलिदाने काचेवरचा हात काढला आणि दोन्ही हातांनी फुगा आवळून धरला. मार्विन तिच्याकडे बघत होता. तीही त्याच्याकडेच बघत राहिली, आणि पावलं जवळ आली.